साल्चोवाची मेहराब

साहित्य उपसमितीचा निर्णय तीन वाक्यांचा होता. ‘“साल्चोवा : डॅन्यूबकाठचे एक नगर” हा ग्रंथ श्री. यतीन सबनीस यांनी त्या नगरीत काढलेल्या दोन हिवाळ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवातून व स्वतंत्र संशोधनातून सिद्ध केला आहे. श्री. हाशम सारंग यांच्याकडील सात वह्या म्हणजे लेखकाने वेळोवेळी सांगितलेल्या मजकुराची श्री. सारंग यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेली प्रत होय. सबब ग्रंथकर्तृत्वाविषयी कोणताही वाद उरत नाही.’

खाली सौदीतल्या अल-खोबरच्या मराठी मंडळाचा शिक्का, तीन सह्या, तारीख. समरीनने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेतली. सोळा वर्षे तिने इतिहास शिकवला होता. अधिकृत कागद हाती आला की आधी त्यातली विशेषणे तपासावीत, कारण खोटे बोलणारा नामे जपून वापरतो आणि विशेषणांत सैल सुटतो, हे ती विद्यार्थिनींना सांगत आली होती. इथले विशेषण होते ‘सुवाच्य’. तिच्या वडिलांचे, म्हणजे हाशम सारंगांचे, अक्षर म्हणजे ओहोटीच्या चिखलातून खेकडा चालत गेल्याच्या खुणा. तिच्या आईने लग्नानंतर आलेली पहिली चार पत्रे शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली होती, आणि त्यांतल्या दोहोंचा अर्थ मास्तरांनी उलटा लावला होता. त्या अक्षराला सुवाच्य म्हणणाऱ्या समितीने वह्या उघडलेल्या नव्हत्या.

पुढे ‘सांगितलेल्या’. यतीन सबनीस दोन वर्षे दर गुरुवारी संध्याकाळी या घरी येत, चहा घेत, प्रश्न विचारत आणि अब्बा उत्तरे देत. प्रश्न विचारणाऱ्यालाच सांगणारा म्हणायचे, तर उलटतपासणीत साक्षीदार जे बोलतो ती वकिलाचीच साक्ष मानावी लागेल. राहता राहिले ‘दोन हिवाळे’. यतीन कंपनीच्या पंपखरेदीसाठी बुखारेस्टला लागोपाठ दोन जानेवारींत गेले होते, एकदा बारा दिवस आणि एकदा नऊ. हिवाळा काढणे या क्रियापदाची इतकी स्वस्त किंमत साल्चोवात कुणी लावली नसती.

एवढी चिरफाड झाल्यावर कागदावर ‘सबब’ हा एकच शब्द धडधाकट उरला. पण कागद फाडणे वेगळे आणि निर्णय फिरवणे वेगळे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती दोन आठवड्यांनी छपाईला जाणार होती, आणि अब्बांचा व्हिसा महिनाअखेर संपत होता. ते श्रीवर्धनजवळच्या आपल्या खाडीकाठच्या गावी परत जाणार होते. वय शहात्तर, उजव्या डोळ्याने दिसेनासे झालेले, डाव्याला फक्त मोठ्या गोष्टींच्या कडा कळत. त्यांच्या पुस्तकावर त्यांचे नाव छापलेले त्यांच्या कानांनी ऐकावे, एवढी एकच गोष्ट समरीनला हवी होती, आणि ती या महिन्यात हवी होती.

हाशम सारंग हे जहाजावरचे फिटर. १९८३ च्या डिसेंबरात एका जहाज कंपनीने त्यांना रोमानियात पाठवले. डॅन्यूबच्या उजव्या तीरावर साल्चोवा नावाचे अकरा हजार वस्तीचे गाव होते, तिथल्या गोदीत लहान मालवाहू जहाजे बांधली जात. काम दीड वर्षाचे होते. एकामागून एक जहाज निघत राहिले आणि हाशम सात हिवाळे तिथे राहिले. पुढे इकडे सौदीत जुबैलच्या कारखान्यांत पाळ्या करण्यात बावीस वर्षे गेली, पण त्यांच्या बोलण्यात जुबैल कधी आले नाही. येई ते साल्चोवा. लेकीच्या घरी येऊन राहू लागल्यावर त्यांनी नूरैनच्या, म्हणजे नातीच्या, अर्धवट भरलेल्या शाळेच्या वह्या मागून घेतल्या आणि भूगोलाच्या गृहपाठानंतरच्या कोऱ्या पानावर सुरुवात केली.

त्या वह्यांतले गाव नदीकडे तोंड करून बसलेले नव्हते. नदीने त्याला तीनदा बुडवले होते, म्हणून घरांच्या पाठी पाण्याकडे आणि दारे टेकडीकडे. ग्रीक व्यापाऱ्यांनी धान्याची कोठारे बांधली आणि ते निघून गेले. तुर्कांनी मशीद आणि न्हाणीचा हमाम बांधला आणि तेही गेले, तातार मुसलमान मात्र राहिले. निळ्या दाराच्या चर्चातले दाढीवाले लिपोवान मासेमार दोनशे वर्षांपूर्वी रशियातून धर्मासाठी पळून आले होते आणि अजून शेजाऱ्यांना ‘नवे लोक’ म्हणत. मुख्य रस्त्याला आधी राजाचे नाव होते, मग पक्षाच्या पुढाऱ्याचे, मग संताचे. टपालवाली बाई तिन्ही नावे बाजूला ठेवून कोणाच्या मांडवावर कोणती द्राक्षवेल आहे त्यावरून पत्रे वाटे. माणसे वयाबद्दल खोटे बोलत, लग्नांबद्दल खोटे बोलत, सरकारी फॉर्मवर तर सगळेच खोटे बोलत. पुराचे पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते याबद्दल मात्र कुणी खोटे बोललेले हाशमनी ऐकले नाही. परक्या माणसाला तिथे ‘कुठला?’ असे विचारत नसत. ‘इथे किती हिवाळे काढलेस?’ असे विचारत. उत्तर ‘एकही नाही’ असेल तर मान डोलवून निघून जात. हाशमनी पहिला हिवाळा काढला त्या मार्चमध्ये पावाच्या दुकानातल्या म्हातारीने रांगेतून त्यांना हाताने पुढे ओढले आणि गरम पाव छातीशी दिला. रांगेने वाट दिली. ‘त्या दिवशी मी गावचा झालो,’ असे वहीत होते, आणि खाली दोन ओळी रिकाम्या होत्या.

यतीन सबनीस मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मुलाखत घ्यायला म्हणून आले आणि वह्या बघून थबकले. दोन वर्षांच्या गुरुवारांनंतर टाइप करून घेतो म्हणून घेऊन गेले. आठ महिन्यांनी वह्या परत आल्या त्या पेढ्यांच्या डब्यासह आणि एका सुरेख बांधणीच्या पुस्तकासह. मुखपृष्ठावर यतीन सबनीस. आत ऋणनिर्देशात चाळीस नावे, त्यांत एकतिसावे हाशम सारंग, सभागृहाचा केटरर आणि फोटोग्राफर यांच्या मध्ये. वहीत होते, ‘थंडी अशी की लोखंडाला हात लावला की कातडी लोखंडाची.’ पुस्तकात त्याचे ‘हिमगौर शिशिराचे निर्मम साम्राज्य’ झाले होते. आजकालच्या चोरांना माल पळवून भागत नाही, त्यावर रंगही द्यावा लागतो.

अब्बांनी पुस्तक हातात घेऊन अंगठ्याने पाने चाळली होती. “कागद जाड हाय,” ते म्हणाले होते. समरीनने तक्रार करायची म्हटल्यावर तिला आवरायलाही तेच पुढे आले. “जाऊ दे गो. लोकांनी गाव वाचला ना? खलास.”

तिने तक्रार केली, आणि त्या तक्रारीचे उत्तर म्हणजे तो तीन वाक्यांचा कागद.

निर्णय आला त्या आठवड्यात अब्बांनी पहिल्यांदाच पुस्तक वाचून दाखवायला सांगितले. जायच्या आधी एकदा गावाला जाऊन यावे तसे. समरीन रोज दुपारी वीस-वीस पाने वाची. अब्बा खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत, मधूनच हसत, ‘हे मी नाय लिहिलं’ असे शांतपणे नोंदवत. पान चौऱ्याऐंशीवर मशीद आली.

‘सायंकाळी मावळतीचा सूर्य मेहराबीच्या पाठीशी विसावतो,’ ती वाचत होती, ‘पश्चिमाभिमुख उभ्या राहिलेल्या भाविकांच्या चेहऱ्यांवर सोनेरी आभा पसरते, आणि इमामांपुढे भिंतीपलीकडे डॅन्यूब वाहत असते.’

“परत वाच,” अब्बा म्हणाले.

तिने परत वाचले. अब्बा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून ते खोलीच्या मध्ये आले आणि जागच्या जागी, पावले मोजल्यासारखे, वळले. मग हसू लागले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

“पश्चिमेला तोंड? मग आख्खी जमात डॅन्यूबला सजदा घालील गो. इमामाला पवता येतं का आधी विचारायला लागंल.”

समरीनने पुस्तक मांडीवर ठेवले. हे पान तिने आधी दोनदा वाचले होते आणि तिला काहीही खटकले नव्हते. संतापाने वाचणारा फक्त चोरी शोधतो. चूक त्याच्या डोळ्यांसमोरून सलाम करून निघून जाते. तिने चौथी वही काढली. खेकड्याच्या पावलांतून वाट काढत ती त्या ओळीपर्यंत पोचली: ‘मेहराब म्हणजे भिंतीतला मक्केच्या दिशेचा कोनाडा. इथे तो दक्षिणेला हाय, थोडा पूर्वेकडे कललेला. आपल्याकडे पश्चिमेला असतो, म्हणून पहिल्या दिवशी मी चुकीकडे उभा राहिलो आणि तातार म्हाताऱ्याने खांद्याला धरून वळवलं.’

असेच तिलाही एकदा वळवले गेले होते. सौदीच्याच दक्षिणेतल्या खमीस मुशैतजवळच्या महाविद्यालयात नोकरीला लागली त्या पहिल्या दुपारी तिने सवयीने पश्चिमेकडे चटई अंथरली, आणि तिथल्याच एका सहकारी बाईने काही न बोलता चटईचे टोक उचलून ती वायव्येकडे फिरवली. मक्का तिथून त्या बाजूला होती. कोकणातून पश्चिमेला, खोबरहूनही पश्चिमेलाच, जरा दक्षिणेकडे झुकून. डोंबिवलीत वाढलेल्या आणि खोबरमध्ये वीस वर्षे काढलेल्या यतीनसारख्या माणसाने आयुष्यात पाहिलेली प्रत्येक मशीद, ऑफिसातल्या नमाजखोलीतला प्रत्येक बाण एकाच बाजूला वळलेला असणार. त्याला तो निसर्गनियम वाटला तर नवल नाही. वहीतली दक्षिण त्याला फिटरची चूक वाटली असणार, आणि सुशिक्षित माणसाच्या उदारपणाने त्याने ती दुरुस्त केली असणार.

त्या दुपारी समरीनने उपसमितीच्या अध्यक्ष विभा केळशीकर यांना दोन ओळींचा निरोप पाठवला. पुनर्विचार नको, नवा पुरावाही आणत नाही, लेखकाला फक्त काही विचारायचे आहे. विभाताई बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि त्यांना थोडक्यात मागणारी माणसे आवडत. त्यांनी शुक्रवारची दुपार दिली.

कंपाउंडच्या क्लबहाउसमधल्या ज्या खोलीत मुलांचा मराठीचा वर्ग भरे, तिथेच सगळे बसले. पांढऱ्या फळ्यावर सकाळची बाराखडी तशीच होती. विभाताई, शाळेत शिकवणाऱ्या मुग्धाताई आणि दमाममध्ये किराणा व्यापार करणारे हुसेनमियाँ, अशी ती उपसमिती. अब्बा मागच्या रांगेत एका छोट्या बाकावर बसले. यतीन सबनीस इस्त्रीच्या कुर्त्यात आले आणि आधी जाऊन अब्बांच्या पाया पडले. त्यांच्या आदरात कधीच खोट नव्हती; खोट हिशेबात होती.

“समरीनताई, किती वेळा तेच ते?” ते हसून म्हणाले. “चाचांचं ऋण मी छापून मान्य केलंय.”

समरीनने त्यांना पान चौऱ्याऐंशी वाचायला सांगितले. यतीन चांगले वाचत. सोनेरी आभा खोलीत पसरली, मुग्धाताईंनी नकळत मान हलवली. वाचून झाल्यावर समरीनने विचारले, हे आपण स्वतः पाहिले का.

“आत उभा राहिलोय,” यतीन म्हणाले. “सूर्य मेहराबीमागे बुडत होता. इमामांच्या टोपीला सोन्याची कड आली होती. ते पुस्तकात नाही घेतलं, पण अजून डोळ्यांपुढे आहे.”

तिने त्यांना तेवढ्या भागाचा नकाशा फळ्यावर काढायची विनंती केली. यतीननी बाराखडी पुसली आणि उत्साहाने गाव उभे केले. वर उत्तर, डाव्या बाजूला नदी, तिच्या उजवीकडे गोदी, कोठारे, मुख्य रस्ता. हे सगळे बरोबर होते, कारण ते सगळे वहीत होते. मग त्यांनी मशिदीचा चौकोन काढला आणि नदीच्या बाजूच्या भिंतीत एक सुबक अर्धवर्तुळ कोरले.

“आणि या फळ्यावर मक्का कुठे येईल?” समरीनने विचारले.

यतीननी डाव्या कडेला, नदीपलीकडे, बाण काढला. प्रश्न इतका सोपा होता की त्यांना जरा अपमान वाटला. “पश्चिमेला. हे शाळकरी पोरही सांगेल.”

हुसेनमियाँ चहात साखर ढवळत होते. चमचा थांबला.

“यतीनभाई,” ते फार हळू म्हणाले, “आपण सगळे आज जिथे बसलोय तो मुलूख रोमानियाच्या खाली येतो हो नकाशावर. तुमच्या बाणाने गेलं तर पोपसाहेब भेटतील.”

मुग्धाताईंना हसू आवरले नाही. विभाताईंनी फोनवर नकाशा उघडला आणि बोटांनी लहान केला. मग फोन टेबलावर यतीनच्या दिशेने सरकवला. यतीननी एकवार नकाशाकडे पाहिले, एकवार फळ्याकडे. छपाईची चूक झाली असावी, ते म्हणाले. दिशेचा एक शब्द इकडचा तिकडे, कुठल्या पुस्तकात होत नाही.

समरीनचा आवाज चढला नाही. तिचा राग या काही दिवसांत इतका थंड झाला होता की त्यावर चालता आले असते.

“छपाईच्या चुकीने शब्द बदलतो, सबनीस. त्यामागे सूर्य मावळत नाही. इमामांच्या टोपीला कड येत नाही,” ती म्हणाली आणि चौथी वही विभाताईंपुढे उघडी ठेवली. “समितीने म्हटलंय, ही वही तुमच्या सांगण्यावरून उतरवली. इथे दक्षिण लिहिलीय. तुम्ही दक्षिण सांगितलीत, तर आता पश्चिमेला उभे राहून काय पाहिलंत? आणि पश्चिम पाहिलीत, तर मग दक्षिण कुणी सांगितली?”

विभाताईंनी चष्मा लावून ती ओळ वाचायचा प्रयत्न केला. खेकड्याने त्यांना दोनदा चकवले. “हे अक्षर,” त्या म्हणाल्या, आणि आपणच सही केलेला ‘सुवाच्य’ आठवून त्यांनी चष्मा काढला. मग त्या मागच्या बाकाकडे वळल्या. “हाशमचाचा, तुम्हीच सांगा. मेहराब कुठं होती?”

अब्बा उठून पुढे आले. फळा त्यांना पांढऱ्या उजेडासारखा दिसत होता. नदी कुठच्या हाताला काढली आहे, त्यांनी विचारले. डाव्या, असे हुसेनमियाँनी सांगितले. अब्बांनी फळ्याला हात लावून उत्तर कुठे आहे ते पक्के केले आणि वळू लागले. वळता वळता ते पूर्ण फिरले. त्यांची पाठ फळ्याला लागली आणि तोंड थेट उपसमितीकडे आले, आणि तिथे ते थांबले, ताठ, हात पोटावर बांधून.

“असा,” ते म्हणाले. “नदी ह्या उजव्या खांद्याच्या मागं. दार पाठीला. आणि त्या दाराच्या फटीतनं हिवाळ्यात क्रिवात्स घुसायचा, उत्तरेचा वारा तो, त्याला तिकडं नावानं ओळखतात. सजद्यात गेलो की कमरेवरनं सदरा उडायचा. तातार म्हातारे दोन सदरे खोचून यायचे. मलाही मग त्यांनी शिकवलं. यतीनसाहेब, तुम्ही दोन हिवाळे काढलेत म्हणता. वारा कुठनं यायचा हो?”

यतीन सबनीस यांचा हात फळ्यावरच्या बाणावर होता. त्यांनी तो बाण पुसला. पुसल्यावर दुसरा कुठे काढायचा, हे त्यांना सुचले नाही.

ते खाली बसले तेव्हा त्यांचा पहिला शब्द ‘भाषा’ हा होता. भाषा आपली आहे, वाक्य न वाक्य आपण घडवले आहे, चाचांच्या वह्या कुणी वाचल्या नसत्या. अब्बांनी मान डोलावली. तेवढे यतीनसाहेबांचे नाव खाली बारीक टाका, असे ते म्हणाले, मेहनत केली आहे माणसाने.

“नाही अब्बा,” समरीन म्हणाली. “साफ केलेली भाषा आपण दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा मळवून घेऊ.”

विभाताईंनी मुलांच्या वहीतले एक दुरेघी पान फाडले आणि पेनासह यतीनपुढे ठेवले. घरी जाऊन ईमेल करतो, असे यतीन म्हणाले. विभाताईंनी घड्याळाकडे पाहिले आणि आपल्याला कसलीही घाई नसल्याचे सांगितले. हुसेनमियाँनी त्यांच्यासाठी चहा मागवला, कारण लिहिणाऱ्याला चहा लागतो. बावीस मिनिटे लागली. समरीन तेवढा वेळ खिडकीपाशी उभी होती आणि तिला एकदाही बसावेसे वाटले नाही.

अब्बा निघायच्या सहा दिवस आधी मुद्रिते आली. शिशिराचे साम्राज्य खालसा झाले होते, कातडी पुन्हा लोखंडाची झाली होती, आणि मेहराब दक्षिणेला, थोडी पूर्वेकडे कललेली, जिथे तुर्कांनी बांधली तिथे उभी होती. समरीनने पहिले पान मोठ्याने वाचले: साल्चोवा, आणि खाली, हाशम सारंग. अब्बांनी पुन्हा वाचायला सांगितले. तिने पुन्हा वाचले, तिसऱ्यांदाही वाचले, आणि तिसऱ्या वेळी ते नावाबरोबर ओठ हलवत होते. नूरैन शाळेतून आली तेव्हा त्यांनी तिलाही वाचायला लावले. तिने इंग्रजी वळणाने ‘हॅशम’ म्हटले. त्यांनी तिला दोनदा सुधारले आणि मग सोडून दिले.

उपसमितीने आपला निर्णय मागे घेतला आणि तसे पत्र दिले. ते तीन ओळींचे होते आणि त्यात एकही विशेषण नव्हते. नव्या आवृत्तीत अर्पणपत्रिकेच्या आधीच्या पानावर, विभाताईंच्या आग्रहाने, ते दुरेघी पान एकही अक्षर न बदलता छापले आहे:

‘मी, यतीन मधुकर सबनीस, समितीसमोर असे लिहून देतो की या पुस्तकातील सर्व माहिती श्री. हाशम सारंग यांच्या सात वह्यांतून घेतली आहे. वह्या मी सांगितलेल्या नाहीत. त्या मला टाइप करण्यासाठी दिल्या होत्या. मशिदीची दिशा वहीत दक्षिण होती, ती मला चूक वाटली, कारण मी आजपर्यंत पाहिलेली प्रत्येक मशीद पश्चिमेकडे होती. मी ती पश्चिम केली आणि सूर्यास्ताची वाक्ये माझ्या मनाची घातली. श्री. सारंग यांना विचारावे असे मला एकदाही वाटले नाही, कारण ते फिटर होते. साल्चोवा हे गाव मी पाहिलेले नाही.’